डॉक्टर व्हायचं असेल, तर पहिली पदवी स्वस्तात घ्या

मार्चअखेरीस अमेरिकेतल्या विद्यापीठांचे प्रवेशाचे निकाल लागतात आणि साधारण १ मेपर्यंत कुठे जायचं ते कळवून अनामत रक्कम भरावी लागते. त्या महिनाभरात एडिसन, फ्रेमाँट, फ्रिस्को अशा गावांतल्या मराठी घरांत दुसरा विषय नसतो. पुण्या-नाशिकचे आजी-आजोबाही व्हिडिओ कॉलवरून आपलं मत देतात. मुलीला डॉक्टर व्हायचं आहे. तिला राज्याच्या सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळालाय, कदाचित थोडी शिष्यवृत्तीही मिळालीय. शिवाय एका खासगी विद्यापीठानेही तिला घेतलंय आणि त्याचं नाव उच्चारलं की नातेवाइकांना पुढे काही सांगावं लागत नाही. घराचा कौल बहुतेक वेळा या दुसऱ्या विद्यापीठाला मिळतो, मग त्यासाठी घरावर कर्ज काढावं लागलं तरी चालतं. मुलीचं ध्येय खरोखर वैद्यकीय असेल, तर हा कौल चुकीचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. परवडणारं विद्यापीठ तिने नाइलाज म्हणून नाही, तर पहिली पसंती म्हणून निवडावं. ते का, हे समजण्यासाठी तिथली व्यवस्था थोडी तपशिलात पाहावी लागेल.

आपल्याकडे बारावी, मग नीट आणि नंबर लागला की थेट एमबीबीएस. अमेरिकेत तसं होत नाही. आधी चार वर्षांची पदवी घ्यायची, कोणत्याही विषयात. त्या काळात जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र असे ठरावीक विषय पुरे करायचे. ‘प्री-मेड’ नावाची पदवी नसते, तो फक्त विद्यार्थ्याचा इरादा असतो. मग एमकॅट ही प्रवेश परीक्षा, त्यानंतर चार वर्षांचं मेडिकल स्कूल आणि पुढे विषयानुसार तीन ते सात वर्षांची रेसिडेन्सी. म्हणजे पहिल्या पदवीचं बिल हे दोन बिलांपैकी बहुतेकदा धाकटं असतं, आणि घरं नेमकी हीच गोष्ट विसरतात. कॉलेज बोर्डाच्या आकडेवारीनुसार २०२४-२५ मध्ये स्वतःच्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठाची सरासरी ट्यूशन फी वर्षाला ११,६०० डॉलरच्या आसपास होती. खासगी विद्यापीठांची सरासरी ४३ हजारांच्या वर होती. नावाजलेल्या खासगी विद्यापीठांत राहणं-खाणं धरून वर्षाचा खर्च ९० हजारांच्या घरात जातो. हे झालं धाकटं बिल. थोरल्या बिलाबाबत अमेरिकन मेडिकल कॉलेजांच्या संघटनेचा अंदाज असा, की २०२५ मध्ये बाहेर पडलेल्या तुकडीसाठी चार वर्षांचा एकूण खर्च सरकारी मेडिकल स्कूलमध्ये साधारण २ लाख ८६ हजार डॉलर आणि खासगीत सुमारे ३ लाख ९० हजार डॉलर होता.

हे थोरलं बिल आजवर कसं भागायचं? कर्जाने. मेडिकलचे विद्यार्थी ‘ग्रॅड प्लस’ नावाच्या सरकारी योजनेतून जेवढा खर्च असेल तेवढं कर्ज घेऊ शकत होते. त्यामुळे पहिल्या पदवीवर घरची पुंजी संपली तरी पुढचं शिक्षण अडत नसे. ४ जुलै २०२५ रोजी अमेरिकेत जो मोठा अर्थविषयक कायदा झाला, त्याने हे दार बंद केलं. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस मिळणार नाही. वैद्यकीयसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार डॉलर आणि एकूण २ लाख डॉलर एवढंच मिळेल. आता वरच्या आकड्यांशी ताळा घालून पाहा. सरकारी मेडिकल स्कूलमध्येसुद्धा सरासरी ८६ हजार डॉलर कमी पडतात आणि खासगीत जवळपास १ लाख ९० हजार. ही तूट घरच्या पैशांतून भरायची, नाहीतर बँकेच्या खासगी कर्जातून. त्या कर्जाला सहसा जामीनदार लागतो. शिवाय सार्वजनिक सेवेत दहा वर्षं हप्ते भरले की उरलेलं सरकारी कर्ज माफ होतं, ती सवलत खासगी कर्जाला लागू नाही. म्हणून आज अठराव्या वर्षी पहिल्या पदवीवर वाचवलेला प्रत्येक डॉलर चार वर्षांनी मेडिकल स्कूलच्या दारात लागणार आहे. दोन-तीन वर्षांपूर्वी माझा युक्तिवाद काटकसरीचा सल्ला म्हणून कुणी ऐकून सोडून दिला असता तर मला समजलं असतं. या कायद्यानंतर तो सोडून देता येण्यासारखा राहिलेला नाही.

पहिल्या पदवीचं कर्ज कुठून येतं, तेही पाहिलं पाहिजे. आई-वडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला स्वतःच्या नावावर सरकारी कर्ज संपूर्ण पदवीसाठी फक्त ३१ हजार डॉलर मिळतं. बाकीचं आई-वडिलांच्या नावावरच्या कर्जातून येतं. नव्या कायद्याने त्यालाही एका मुलामागे एकूण ६५ हजारांची मर्यादा घातली आहे. त्यापुढे घर गहाण ठेवायचं, निवृत्तीसाठी साठवलेले पैसे मोडायचे किंवा पुण्यातला फ्लॅट विकायचा. व्याजाचं गणित तर भल्याभल्यांना चकवतं. एक लाख डॉलरवर ८ टक्के सरळ व्याज धरलं, तरी मेडिकल स्कूलची चार आणि रेसिडेन्सीची चार अशा आठ वर्षांत ६४ हजार डॉलर व्याज होतं. त्यातली पहिली चार वर्षं मिळकत शून्य. त्यात आणखी एक गोष्ट. पदवीनंतर लगेच मेडिकल स्कूलला जाणारे आता कमी आहेत. बहुतेक विद्यार्थी एक-दोन वर्षं थांबतात. कुणी रुग्णवाहिकेवर काम करतं, कुणी दवाखान्यात डॉक्टरांच्या नोंदी लिहितं, कुणी प्रयोगशाळेत सहायक होतं. अर्जाला वजन येतं ते अशा कामांनी, पण त्यांचा पगार बेताचा असतो. विद्यार्थ्याच्या सरकारी कर्जाचा हप्ता पदवीनंतर सहा महिन्यांत सुरू होतो. डोक्यावर मोठं कर्ज असलेल्या मुलाला ही कामं परवडत नाहीत, आणि नेमकी तीच कामं त्याला डॉक्टरकीच्या जवळ नेणारी असतात. अर्ज करणंही स्वस्त नाही. पहिल्या मेडिकल स्कूलला १७५ आणि पुढच्या प्रत्येकाला ४६ डॉलर असा अलीकडचा दर धरला, तर अठरा ठिकाणी अर्ज करायला ९५७ डॉलर लागतात. प्रत्येक ठिकाणचा दुसऱ्या फेरीचा अर्ज, एमकॅटची फी आणि मुलाखतींचे कपडे-प्रवास हे वेगळंच.

एवढे पैसे वाचवून प्रवेशाची संधीच गेली तर काय उपयोग, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर अर्जातच सापडतं. बहुतेक मेडिकल स्कूलांचा अर्ज एकाच केंद्रीय पद्धतीने भरला जातो. त्यात विद्यार्थ्याने घेतलेला प्रत्येक विषय आणि त्यातली ग्रेड एकेका ओळीत भरावी लागते. विज्ञान आणि गणिताची सरासरी वेगळी काढली जाते. मग एमकॅट येते. साडेसात तासांची ही परीक्षा देशभर एकच असते आणि ४७२ ते ५२८ या मोजपट्टीवर गुण मिळतात. पुढे जास्तीत जास्त पंधरा अनुभव लिहायचे, प्रत्येकी सातशे अक्षरांत. त्यातले सर्वांत अर्थपूर्ण वाटणारे तीन थोडे विस्ताराने. मग स्वतःविषयीचा निबंध आणि प्राध्यापकांची शिफारसपत्रं. विद्यापीठाचं नाव या सगळ्यात असतं, नाही असं नाही. पण तपासणाऱ्याचा वेळ जातो तो बाकीच्या पानांवर. गेल्या काही वर्षांत दरवर्षी सुमारे ५२ हजार विद्यार्थी अर्ज करतात आणि २३ हजारांच्या आसपास प्रवेश घेतात. प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ग्रेड ४ पैकी ३.८ च्या जवळ आणि एमकॅट ५११-५१२ असते. हे आकडे सरकारी विद्यापीठात बसून गाठता येतात आणि हजारो मुलं दरवर्षी गाठतात. शिवाय सरकारी मेडिकल स्कूल आपल्या राज्यातल्या मुलांना प्राधान्य देतात. टेक्सासमध्ये तर कायद्यानेच सरकारी मेडिकल स्कूलच्या किमान ९० टक्के जागा राज्यातल्या रहिवाशांसाठी असतात आणि तिथली त्यांची ट्यूशन फी देशातल्या सर्वांत कमी फींपैकी आहे. डॅलसजवळच्या मराठी कुटुंबाने मुलाला देशाच्या दुसऱ्या टोकाच्या महागड्या खासगी विद्यापीठात पाठवण्याआधी आपल्या राज्याने काय देऊ केलं आहे ते नीट पाहावं.

उदाहरणंही आहेत, आणि मला ती सरासरीच्या आकड्यांपेक्षा जास्त बोलकी वाटतात. लुइझियानातल्या न्यू ऑर्लिन्स शहरात झेवियर नावाचं छोटं कॅथलिक विद्यापीठ आहे. पैशाने श्रीमंत नाही, प्रवेशही फार अवघड नाही. तरीही अमेरिकेत मेडिकल स्कूलला जाणारे कृष्णवर्णीय विद्यार्थी घडवणाऱ्या संस्थांत ते कित्येक दशकं अग्रस्थानी राहिलं. नॉर्मन फ्रान्सिस या अध्यक्षांच्या १९६८ ते २०१५ अशा प्रदीर्घ कारकिर्दीत तिथे एक रीत रुजली. विज्ञानाचा अभ्यास गटागटाने करायचा, मागे पडणाऱ्याला आधीच हेरायचं आणि मेडिकलच्या अर्जाची तयारी पहिल्या वर्षापासून करून घ्यायची. दुसरं उदाहरण मेरिलँडमधल्या बाल्टिमोर काउंटीच्या सरकारी विद्यापीठाचं. १९६६ साली सुरू झालेल्या या विद्यापीठाला ना जुनी कीर्ती ना आयव्ही लीगसारख्या नामांकित विद्यापीठांचं वलय. १९८८ मध्ये तिथे मायरहॉफ शिष्यवृत्ती योजना उभी राहिली आणि तिच्यातून डॉक्टर आणि संशोधकांची रांगच बाहेर पडली. अमेरिकेचे माजी सर्जन जनरल जेरोम ॲडम्स याच योजनेतले. या दोन्ही ठिकाणी विद्यार्थ्याला वर नेलं ते शिकवण्याने आणि पाठीशी उभं राहण्याने.

तरीही नावाचा फायदा अजिबात नसतो असा दावा मी करणार नाही. संशोधनच तसं सांगत नाही. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अभ्यासकांनी २००२ मध्ये एक गाजलेला निष्कर्ष मांडला. नामांकित आणि साधं अशा दोन्ही विद्यापीठांत प्रवेश मिळू शकणाऱ्या मुलांची पुढची कमाई, त्यांनी कुठेही शिक्षण घेतलं तरी, सरासरीने सारखीच राहिली. अपवाद होता तो गरीब घरांतल्या मुलांचा, त्यांना नामांकित विद्यापीठाचा फायदा झाला. २०२३ मध्ये राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी आयव्ही लीगची आठ आणि आणखी चार विद्यापीठं घेऊन हाच प्रश्न नव्या माहितीवर तपासला. सरासरी कमाईत त्यांनाही फारसा फरक दिसला नाही. पण सर्वांत श्रीमंत एक टक्क्यात पोचण्याची आणि अतिनामांकित उच्च शिक्षणसंस्थेत शिरण्याची शक्यता मात्र बरीच वाढलेली दिसली. माझ्या मताविरुद्धचा हा सगळ्यात बळकट पुरावा आहे आणि तो बाजूला सारता येत नाही. पण डॉक्टरकीच्या बाबतीत त्याचा अर्थ मर्यादित आहे. वकिली किंवा वॉल स्ट्रीटच्या नोकरीत संस्थेच्या नावाला जी किंमत आहे, ती वैद्यकीयात त्या प्रमाणात नाही. अमेरिकेतल्या कुठल्याही मान्यताप्राप्त मेडिकल स्कूलमधून एमडी होणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त जणांना रेसिडेन्सी मिळते. मेडिकेअर ही सरकारी आरोग्य विमा योजना डॉक्टरला पैसे देते ते त्याने केलेल्या कामाचे, तो कुठे शिकला हे त्या दरात येत नाही. या व्यवसायातली खरी उंच पायरी मेडिकल स्कूलच्या आत पाऊल ठेवण्याची आहे, अमुकच मेडिकल स्कूलची नाही. कुणाला मोठ्या संशोधन संस्थेत प्राध्यापक व्हायचंच असेल, तर नावाला थोडं जास्त वजन द्यावं. पण सतराव्या वर्षी तेवढी खात्री किती जणांना असते?

ग्रेडविषयीचा आक्षेप मला जास्त काळजीचा वाटतो. खासगी विद्यापीठांत गुण सढळ हाताने मिळतात आणि सरकारी विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राच्या वर्गात तीनशे-चारशे मुलं बसवून गाळणी लावतात, असं पालक म्हणतात. यात तथ्य आहे. हार्वर्डच्याच २०२५ च्या एका अहवालाने तिथल्या सुमारे ६० टक्के ग्रेड ‘ए’ असल्याचं मान्य केलं. उलट प्रिन्स्टनने २००४ ते २०१४ अशी दहा वर्षं ‘ए’ वर बंधन घातलं होतं. म्हणजे महाग तेवढं सढळ असा नियम नाही. तरी मोठ्या सरकारी विद्यापीठात मुलगा हरवण्याची भीती खरी आहे. एकेका सल्लागाराकडे शेकडो विद्यार्थी असतात आणि तो कुणाला शोधत येत नाही. म्हणून फी पाहिल्यावर लगेच दुसरे प्रश्न विचारले पाहिजेत. गुणवान विद्यार्थ्यांसाठी ऑनर्स कॉलेज आहे का? पहिल्या-दुसऱ्या वर्षात प्रयोगशाळेत काम मिळतं का? जवळ मोठं रुग्णालय आहे का? प्राध्यापक आपल्या ऑफिसच्या ठरलेल्या वेळेत भेटतात का? सेंद्रिय रसायनाच्या अवघड वर्गात समोरच्या रांगेत बसणाऱ्या आणि दर आठवड्याला प्राध्यापकांना शंका विचारायला जाणाऱ्या मुलीला शिफारसपत्र सरकारी विद्यापीठातही मिळतं. हा प्रयत्न आपल्या मुलांना शिकवावा लागतो, आणि तो शिकवणं महाग विद्यापीठ विकत घेण्यापेक्षा कठीण आहे.

मुलीचं मन बदललं तर? हे फार वेळा घडतं. पहिल्या वर्षी डॉक्टर व्हायचं म्हणणाऱ्या कितीतरी जणांचा रस्ता दोन वर्षांत बदलतो, आणि त्यात वाईट काहीच नाही. कर्ज नसलेली मुलगी निवांतपणे शिक्षिका, संगणक अभियंता किंवा सार्वजनिक आरोग्याची कार्यकर्ती होऊ शकते. घर गहाण पडलेल्या मुलीला मात्र ‘एवढा खर्च केला’ हे वाक्य ऐकत नको असलेल्या वाटेवर चालत राहावं लागतं. ही सक्ती टाळणं मला पैशांपेक्षाही मोलाचं वाटतं. बारावीनंतरच मेडिकलची जागा राखून ठेवणाऱ्या सात-आठ वर्षांच्या एकत्रित अभ्यासक्रमांचं आपल्या लोकांना फार आकर्षण आहे. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीचा १९७३ पासूनचा असा कार्यक्रम राज्यातल्या मुलांसाठी खरोखर स्वस्त आहे. महागड्या खासगी विद्यापीठांतल्या अशा जागेसाठी मात्र खात्रीची किंमत किती मोजतोय, ते आधी मांडून पाहावं.

परवडणारं म्हणजे सरकारीच, असंही समजू नये. हार्वर्डने २०२५-२६ पासून दोन लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी ट्यूशन फी माफ केली, आणि एक लाखाच्या आतल्यांना राहण्या-जेवणाचाही खर्च नाही. अशा घरातल्या मुलाला हार्वर्ड हेच सगळ्यात स्वस्त विद्यापीठ ठरू शकतं, आणि घर गरीब असेल, तर डेल-क्रूगर यांचा अपवाद पाहता त्याने तिथे जावंच. अडचण होते ती दोघंही आयटीत असलेल्या मध्यमवर्गीय घराची. गरजेवरची मदत मिळण्याइतकं त्यांचं उत्पन्न कमी नसतं आणि ९० हजार सहज भरण्याइतकं जास्तही नसतं. आयव्ही लीगची विद्यापीठं गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देत नाहीत. ती मिळते बऱ्याच सरकारी आणि मधल्या फळीतल्या खासगी विद्यापीठांत. प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कायद्याने ठेवलेला निव्वळ खर्चाचा गणक असतो. त्यात आपले आकडे भरले की छापील फीऐवजी खरा खर्च कळतो. एक सावधगिरी मात्र हवी. फी वाचवण्यासाठी विज्ञानाचे मूळ विषय कम्युनिटी कॉलेजात उरकू नयेत. काही मेडिकल स्कूल त्याकडे नाराजीने पाहतात.

एच-४ व्हिसावर असलेल्या मुलांसाठी हा सगळा हिशेब आणखी कडक होतो. त्यांना सरकारी कर्ज मिळत नाही. ग्रीन कार्ड आलं नाही तर एकविसाव्या वर्षी त्यांचा आश्रित व्हिसा संपतो, आणि परदेशी विद्यार्थ्यांना घेणारी मेडिकल स्कूल मोजकी आहेत. त्यांपैकी काही तर शिक्षणाचे पैसे आगाऊ बाजूला ठेवायला लावतात. महाराष्ट्रातून बारावीनंतर मुलाला ‘अमेरिकेत प्री-मेड’ करायला पाठवण्याचा विचार करणाऱ्यांनी हे पुन्हा वाचावं. डॉक्टर व्हायचं हाच हेतू असेल, तर त्या वाटेने जाऊ नये असंच मी सांगेन.

अमेरिकेतल्या आपल्या माणसांना हे पटायला जड जाऊ नये. महाराष्ट्रात ‘गव्हर्नमेंटला नंबर लागला’ हे वाक्य पेढे वाटून सांगितलं जातं. केईएम किंवा बी. जे. ची फी डीम्ड कॉलेजच्या फीपुढे काहीच नसते, आणि तिथून आलेला डॉक्टर कमी दर्जाचा असं कुणी मानत नाही. त्याच घरातला मुलगा न्यू जर्सीला गेल्यावर तिथल्या रटगर्स या सरकारी विद्यापीठाचं नाव घेताना आवाज खाली का करतो, याचं उत्तर शिक्षणात नाही, समाजात काय म्हणतील यात आहे. म्हणून या मराठी पालकांना माझी विनंती आहे. अनामत भरण्याआधी एक संध्याकाळ काढा. पहिली पदवी आणि मेडिकल स्कूल अशी आठ वर्षं एका कागदावर घ्या, प्रत्येक वर्षाचा खर्च आणि तो कुठून येणार हे लिहा आणि तो कागद मुलीसमोर ठेवा. मेडिकलच्या कर्जाचे हप्ते तिलाच भरायचे आहेत, तेव्हा निर्णयात पहिला शब्द तिचा असू द्या. आणि तिने राज्याचं विद्यापीठ निवडलं, तर पुण्याच्या नातेवाइकांना ते मोठ्या आवाजात सांगा.